हिंदी चित्रपटातील डान्स बँड

मुंबईच्या हिंदी चित्रपटांत साधारणपणे १९४५ ते १९६५ या काळात गाजलेले, सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट आणि ड्रम यांच्या जोरावर उभे राहिलेले नृत्यसंगीत. हॉटेलांतल्या बँडचे रात्रीचे वादन तिथेच विरून जाई. चित्रपटात मात्र ते टिकले, आणि आजही लोक ते हौसेने शोधून ऐकतात.

१९३५मध्ये लिऑन ॲबी यांचा आफ्रिकी-अमेरिकी बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला, पुढे पियानोवादक टेडी वेदरफोर्ड आले. गोव्याच्या पॅरिश शाळांत व्हायोलिन आणि नोटेशन शिकलेल्या वादकांनी स्विंग, म्हणजे नाचाच्या ठेक्याचे जाझ, लवकर आत्मसात केले. १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्यानंतर नाचाच्या जागांची रया गेली आणि हे वादक स्टुडिओंकडे अधिकाधिक वळले. गोव्यातल्या हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट (अंतोनियो झेवियर वाझ) संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक झाले. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट यांचा बँड पडद्यावरही दिसतो. इतर अनेक चित्रपटांत नट खोटी बोटे फिरवतात. इथे वाजवणारेच समोर आहेत, म्हणून हा चित्रपट अभ्यासकांना मोलाचा.

संगीतकार चाल पेटीवर गाऊन दाखवी. अरेंजर ती नोटेशनमध्ये उतरवून प्रत्येक वाद्याचा स्वतंत्र कागद लिही. ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सोफोन बी-फ्लॅटचे, ऑल्टो सॅक्सोफोन ई-फ्लॅटचा; म्हणजे कागदावर सी लिहिला, तर त्यांतून अनुक्रमे बी-फ्लॅट आणि ई-फ्लॅट वाजतो. गाण्याची पट्टी पांढरी एक (सी) असेल, तर ट्रम्पेटच्या कागदावर डी मेजर लिहावे लागे आणि ऑल्टोच्या कागदावर ए मेजर. ऐन वेळी गायिकेने अर्धा स्वर खाली मागितला, की सगळे कागद पुन्हा लिहायचे, नाहीतर वादकांनी वाचता वाचता बदलायचे. दुसरी अडचण मींडेची. चालीत स्वर घसरत असताना खाली ब्रासचा (ट्रम्पेट-ट्रॉम्बोनचा) कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, ठाम उभा राहिला तर गाणे बेसूर वाटते. यावर साधा उपाय होता: गायनाच्या ओळीखाली ब्रास गप्प ठेवायचा, ओळ संपताच मधल्या मोकळ्या मात्रांत त्याने उत्तर द्यायचे आणि मागे सॅक्सोफोन किंवा व्हायोलिनची संथ साथ ठेवायची. अरेंजर सेबॅस्टियन डिसूझा यांच्या ऑब्लिगाटोत (गायनासोबत चालणाऱ्या वाद्यांच्या पूरक सुरावटीत) ही जाण सर्वांत सुंदर दिसते. ओ. पी. नय्यर आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचा डौल पुष्कळसा डिसूझा यांच्या लेखणीतून आला आहे, आणि त्याचे श्रेय त्यांना फार कमी मिळाले.

ध्वनिमुद्रण एकाच ट्रॅकवर, सगळ्यांचे एकत्र होई. गायिका माइकजवळ, ब्रास मागे, बहुधा म्यूट (आवाज दबवणारे बूच) लावून. आवाजाचा समतोल जागा बदलून साधायचा. एकाचा स्वर चुकला की अख्खा टेक पुन्हा. त्या काळच्या ऑप्टिकल साउंडट्रॅकवर (फिल्मवर प्रकाशाने उमटवलेल्या ध्वनिपट्टीवर) वरच्या कंपनसंख्या नीट उतरत नसत, त्यामुळे झांजेची किनार आणि ड्रमवरच्या ब्रशची सळसळ पुसट ऐकू येते.

दहा इंची ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटेच मावत. त्यामुळे नाचासाठी वाढवलेले इंटरल्यूड (ओळींमधले वाद्यसंगीत), कधी एखादा अंतराही, फक्त चित्रपटातच सापडतो. तबकडीवर आवाज स्वच्छ, चित्रपटात रचना पूर्ण. दोन्ही ऐकल्याशिवाय मत बनवू नये. डीव्हीडीवरून नोटेशन काढताना आणखी एक घोळ होतो. सेकंदाला २४ चौकटींचा चित्रपट पाल या व्हिडिओ पद्धतीत २५ने चालवला असेल, तर गाणे सुमारे ४ टक्के जलद होते आणि सूर अर्ध्या स्वराच्या दोन-तृतीयांशाहून थोडा जास्त चढतो. पट्टी कुठल्याच पेटीशी जुळेना, की आधी वेग ९६ टक्क्यांवर आणून पाहावा. खरखर काढणारे सॉफ्टवेअर जपून वापरावे. ते सॅक्सोफोनचा श्वासही खाऊन टाकते.

या काळाच्या शेवटाकडे गिटार पुढे आली. ‘गुमनाम’मधले (१९६५) ‘जान पहचान हो’ टेड लायन्स आणि त्यांच्या बँडसह पडद्यावर सादर झाले. २००१च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाच्या सुरुवातीला ते वापरले गेले आणि हिंदी न कळणाऱ्या श्रोत्यांपर्यंतही पोचले.