कोल्हापुरातील संग्रहालयांना सुरक्षा सेवा पुरविण्यासाठी परवाना: पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

टाऊन हॉलमधील शासकीय संग्रहालय, न्यू पॅलेसमधील श्री छत्रपती शहाजी म्युझियम आणि राजारामपुरीतील चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालय यांमुळे कोल्हापुरात जपण्याजोगा ठेवा मोठा आहे. त्यातील, शहरातीलच ब्रह्मपुरी येथे सापडलेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी कांस्यमूर्ती जगभरातील अभ्यासकांना ठाऊक आहे. अशी वस्तू एकदा गेली की भरपाईच्या रकमेतून ती परत घेता येत नाही, म्हणून संग्रहालयाचा पहारा आणि गोदामाचा पहारा एकाच मापाने मोजू नये. शासकीय व निमशासकीय आस्थापनांना महाराष्ट्र राज्य सुरक्षा महामंडळाकडून शुल्क भरून जवान घेता येतात. विश्वस्त संस्था आणि खाजगी संग्रहालये मात्र बहुधा खाजगी सुरक्षा एजन्सी नेमतात, आणि अशा एजन्सीला खाजगी सुरक्षा अभिकरणे (विनियमन) अधिनियम, 2005 खालील परवाना, म्हणजे कायद्याच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून बोलीभाषेत रूढ झालेले ‘पसारा लायसन्स’, घेतल्याशिवाय एकही रक्षक उभा करता येत नाही. विनापरवाना काम केल्यास एक वर्षापर्यंत कैद, 25,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अर्ज एकट्या व्यक्तीला, भागीदारी संस्थेला, कंपनीला किंवा व्यक्तींच्या संघाला करता येतो; मात्र मालक, भागीदार, संचालक किंवा बहुसंख्य भागधारक भारतीय नागरिक असावा लागतो. कंपनीच्या व्यवहारातील फसवणुकीसाठी दोषी ठरलेली, दोन वर्षे किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेली, बंदी घातलेल्या संघटनेशी संबंध असलेली, तसेच गैरवर्तन किंवा नैतिक अधःपतनाच्या कारणावरून सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेली व्यक्ती या परवान्यास पात्र ठरत नाही.

कागदपत्रांची जुळवाजुळव हाच या प्रक्रियेतील सर्वांत वेळखाऊ भाग आहे. अर्जदार आणि सर्व भागीदार किंवा संचालक यांचे पॅन कार्ड, आधार कार्ड, छायाचित्रे व रहिवासाचा पुरावा, कार्यालयाच्या जागेचा मालकी दाखला किंवा नोंदणीकृत भाडेकरार, दुकाने व आस्थापना नोंदणी, जीएसटी, भविष्य निर्वाह निधी व कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) नोंदणी, प्राप्तिकर विवरणपत्रे, तसेच कंपनी असल्यास तिचे घटनापत्र व नियमावली हा संच आधी तयार ठेवावा. त्यासोबत मान्यताप्राप्त प्रशिक्षण संस्थेशी केलेला करार, गणवेशाचा आणि बोधचिन्हाचा नमुना आणि कायद्याने मागितलेले प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. या प्रतिज्ञापत्रात रक्षकांना प्रशिक्षण देण्याची हमी द्यायची असते, आणि संस्थेवर किंवा अर्जदारावर नोंदलेले वा प्रलंबित असलेले गुन्हेही त्यातच जाहीर करायचे असतात. एखादे जुने प्रकरण किरकोळ वाटले तरी ते लिहावे, कारण माहिती दडवून मिळवलेला परवाना नंतर रद्द होऊ शकतो. कार्यालयाचा पत्ता सर्व कागदांवर अक्षरशः एकसारखा आहे ना, हे अर्ज भरण्यापूर्वीच तपासावे. एका कागदावर शाहूपुरीची गल्ली आणि दुसऱ्यावर फक्त ‘कोल्हापूर शहर’ असे असेल, तर पडताळणीच्या वेळी त्यावरून शंका निघणे स्वाभाविक आहे.

अर्ज राज्याच्या नियंत्रक प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे हा परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो. शुल्क कार्यक्षेत्रानुसार ठरते: एका जिल्ह्यासाठी 5,000 रुपये, एकाहून अधिक परंतु पाचपर्यंत जिल्ह्यांसाठी 10,000 रुपये आणि संपूर्ण राज्यासाठी 25,000 रुपये. कोल्हापूरच्या एजन्सीने दुसरा पर्याय निवडणे शहाणपणाचे ठरेल, कारण सातारा जिल्ह्यातील औंधचे श्री भवानी संग्रहालय यांसारखी कामे जवळपासच्या जिल्ह्यांत आहेत आणि एका जिल्ह्याच्या परवान्यावर ती घेता येणार नाहीत. पोलिसांकडून पूर्ववृत्ताची चौकशी होऊन ना-हरकत मिळाल्यानंतर निर्णय होतो. सर्व तपशिलांसह पूर्ण अर्ज मिळाल्यापासून 60 दिवसांत आदेश देण्याची तरतूद आहे. अर्ज नामंजूर झाल्यास आदेशाच्या तारखेपासून 60 दिवसांच्या आत राज्याच्या गृह सचिवांकडे अपील करता येते.

रक्षक भारतीय नागरिक असावा, त्याचे वय 18 पूर्ण परंतु 65 च्या आत असावे, आणि त्याच्या चारित्र्याची पडताळणी झालेली असावी. केंद्राने राज्यांसाठी नमुना म्हणून केलेल्या आदर्श नियमांत 100 तास वर्गातील आणि 60 तास प्रत्यक्ष असे प्रशिक्षण सांगितले आहे. माजी सैनिक व माजी पोलिसांसाठी हा कालावधी बराच कमी आहे. सैनिक टाकळीसारख्या गावांमुळे या जिल्ह्यात माजी सैनिक मोठ्या संख्येने आहेत आणि कायदाही त्यांना प्राधान्य देण्यास सांगतो, त्यामुळे भरतीची सुरुवात तेथूनच करावी. रक्षकाजवळ छायाचित्रासह ओळखपत्र असलेच पाहिजे. त्याच्या दंडावर एजन्सीच्या नावाचा बिल्ला आणि डाव्या खिशात दोरीला बांधलेली शिट्टी असावी, इतक्या बारकाईने हे नियम लिहिलेले आहेत. लष्कराच्या किंवा पोलिसांच्या गणवेशासारखा दिसणारा गणवेश वापरणे हा गुन्हा आहे.

परवाना मिळाला म्हणजे संग्रहालय सांभाळण्याची तयारी झाली, असे समजू नये. नेहमीच्या अभ्यासक्रमात आग, गर्दी, ओळखपत्रांची तपासणी हे विषय येतात. दालनातील पहाऱ्याची शिस्त एजन्सीला स्वतः शिकवावी लागते. सकाळी दालन उघडताना रक्षक आणि संग्रहालयाचा कर्मचारी या दोघांनी मिळून फिरावे, प्रत्येक काचपेटीचे कुलूप व सीलचा क्रमांक पाहावा, वस्तू यादीशी मोजून घ्याव्यात आणि रजिस्टरवर दोघांनी वेळ घालून सही करावी. संध्याकाळी हेच पुन्हा करावे. ही दुहेरी सही नसेल, तर वस्तू नेमकी कोणत्या पाळीत गेली हे सांगायला कोणताच आधार उरत नाही. 2018 मध्ये हैदराबादच्या निजाम संग्रहालयातून सोन्याचा जेवणाचा डबा चोरीला गेला तेव्हा चोर झरोक्यातून दोराने उतरले होते. आपल्याकडील जुन्या वास्तूंची छपरे, झरोके आणि मागचे जिने रात्रीच्या फेरीत आलेच पाहिजेत, ते यासाठी. चोरी उघड झाल्यास रक्षकाने काहीही न हलवता दालन बंद करावे आणि पोलिसांना कळवावे. कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक कोठे टांगले आहे, हे त्याला अंधारातही सापडले पाहिजे, कारण चित्रांवर आणि हस्तलिखितांवर पाण्याचा मारा केल्यास आगीतून वाचलेले तेवढेही हातचे जाते. 2019 आणि 2021 च्या महापुरांनंतर, तळमजल्यावरील वस्तू कोणत्या क्रमाने वर न्यायच्या, हेही करारात लिहून घ्यावे.

कायद्याच्या 18 व्या कलमानुसार कामावर असताना मिळालेली माहिती रक्षकाला मालकाच्या परवानगीशिवाय बाहेर सांगता येत नाही, आणि नोकरी सोडल्यावरही हे बंधन सुटत नाही. कायद्यानुसार चालणारी चौकशी किंवा तपास हा त्याला अपवाद आहे. संग्रहालयाच्या दृष्टीने हे कलम फार महत्त्वाचे आहे, कारण किल्ल्या कोणाकडे असतात आणि कोणता कॅमेरा कोठे पाहतो, हे रक्षकालाच माहीत असते. नेमणुकीच्या दिवशीच हे कलम त्याला मराठीत वाचून दाखवावे आणि त्याची सही घ्यावी.

पर्यवेक्षकाची नेमणूक टाळू नये. आदर्श नियमांनुसार 15 रक्षकांमागे एक पर्यवेक्षक हवा, आणि रक्षक वेगवेगळ्या ठिकाणी असतील तर सहांमागे एक. परवाना मिळाल्यापासून सहा महिन्यांच्या आत काम सुरू करावे लागते. परवाना पाच वर्षे चालतो आणि तो संपण्यापूर्वी किमान 45 दिवस नूतनीकरणाचा अर्ज द्यावा लागतो, म्हणून ती तारीख संग्रहालयाशी केलेल्या करारातही नोंदवून ठेवावी.