जबरानजोतीवरचं वाचनालय

सरकारच्या किंवा वनखात्याच्या नावावरच्या जमिनीवर भूमिहीनांनी आंदोलन करून ताबा धरलेला असतो, त्याच जागेवर वर्गणी अन् श्रमदानातून उभं राहिलेलं वाचनालय. सरकारी यादीत असा काही प्रकार नाही, वस्तीतले लोकही नुसतं ‘लायब्ररी’च म्हणतात.

‘जबरानजोत’ शब्द विदर्भाबाहेर फारसा कळत नाही म्हणून थोडं सविस्तर. जबर हा मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आलेला, अर्थ जोर, बळजबरी. जोत संस्कृत ‘योक्त्र’वरून, म्हणजे बैल जुंपायचं जोतं अन् त्यावरून वहिती. थोडक्यात बळजबरीनं वाहिलेली जमीन. आता शब्द कोणी पाडला यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं हा महसूल दफ्तराचा शब्द, पटवाऱ्यानं शेऱ्याच्या रकान्यात लिहिलेला. दुसरं म्हणतं कसणाऱ्यांनीच तो छाती ठोकून लावून घेतला. पहिलं जास्त पटतं, कारण शब्दाची ठेवणच कचेरीतली आहे अन् नागपूर-चांद्याकडचा भाग १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता, तिथल्या दफ्तरी भाषेचं हिंदी-उर्दू वळण असं बऱ्याच शब्दांत उरलंय. पण आज मोर्चात लोक ‘आम्ही जबरानजोत शेतकरी’ असं सरळ सांगतात, तेव्हा दुसरं मत अगदीच मोडीत काढता येत नाही.

जमीन कोणती यावर पुढचं सगळं ठरतं. वऱ्हाडात बहुतेक ‘ई-क्लास’, म्हणजे सरकारी पडीक-चराईची. पूर्वेच्या सहा जिल्ह्यांत (नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली) मात्र ‘झुडपी जंगल’ ही वेगळीच भानगड. जुन्या नोंदीत झुडपांची पडीत जमीन म्हणून लिहिलेलं, १९५१ ला मालगुजारी (जमीनदारीसारखी पद्धत) गेली तशी ती सरकारकडे आली, अन् ती वन की महसूल हा वाद कितीतरी दशकं चालला. २२ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टानं ती वनच धरली, १२ डिसेंबर १९९६ च्या आधीच्या वाटपाला वेगळी सवलत ठेवून.

वनजमिनीवर वनहक्क कायदा, २००६ लागतो. त्याच्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयीसाठी १३ कामांची यादी आहे, शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, तलाव, रस्ता वगैरे, प्रत्येकाला एक हेक्टरच्या आत जागा अन् हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत. वाचनालय त्यात नाही. ‘सामुदायिक केंद्र’ आहे, त्यात बसवता येईल असं काही कार्यकर्ते म्हणतात, पण त्या सोयी सरकारनं चालवलेल्या पाहिजेत अशी अट आहे अन् इथं तर सगळा कारभार लोकांचा, त्यामुळे हा अर्थ जरा ओढूनताणून वाटतो.

उगम कुठून धरायचा? आंबेडकरी नेते दादासाहेब गायकवाडांच्या १९५९ अन् १९६४-६५ च्या भूमिहीन सत्याग्रहाकडे बोट दाखवणारे आहेत, बौद्ध विहारातल्या पुस्तकांच्या कपाटाकडे दाखवणारे आहेत, गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या ग्रामसभेसाठी गाजलेल्या गावाच्या अभ्यासगटांकडेही. तिन्हींत तथ्य असेल. पण आजचं रूप बहुधा २००६ नंतरचंच, अन् त्याची सुरुवात पुस्तकानं नाही, कागदानं झालेली दिसते. वनहक्क कायद्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख महत्त्वाची, त्या दिवशी ताबा असला पाहिजे. आदिवासी नसलेल्याला वर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं, म्हणजे हिशोब थेट १९३० पर्यंत मागे जातो. मग घरटॅक्सच्या पावत्या, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, म्हाताऱ्यांचे लेखी जबाब हे सगळं कुठंतरी एकत्र ठेवायचं म्हणून एक पत्र्याची पेटी येते, पेटीवर छप्पर येतं, अन् छपराखाली पोट्टे अभ्यासाला बसायला लागतात.

बांधकाम साधंच. बांबूचे खांब, तुराट्यांचा कूड शेणामातीनं लिपलेला, वर कवेलू किंवा टिन. खरा शत्रू उधई, म्हणजे वाळवी. म्हणून पेटी जमिनीवर न ठेवता चार विटांवर, विटांखाली राखेचा थर, आत निरगुडीचा पाला. पाला दर महिन्याला बदलतात, नाहीतर कसर लागते, अन् लागली की आधी पावत्यांच्या घड्यांतच लागते.

पुस्तकांत पोलीस भरती अन् स्पर्धा परीक्षेची सगळ्यात जास्त फाटलेली, त्यानंतर बाबासाहेबांचे सरकारी खंड, कायद्याच्या मराठी पुस्तिका. बाकी देणगीतलं, शहरातल्या घरातून कपाट रिकामं करताना आलेलं, त्यात जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे फार. देणारे लोक नेमकं काय विचार करून देतात कोण जाणे.

महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ खाली मान्यता मिळाली तर अ-ब-क-ड दर्जाप्रमाणे अनुदान मिळतं, पण त्यासाठी संस्था नोंदवलेली अन् जागा कागदावर दाखवता येण्यासारखी लागते, इथं जागेवरच तर भांडण. म्हणून खर्च वर्गणीवर, कापूस-सोयाबीन विकल्यावर घरटी काहीतरी. देवघेवीच्या रजिस्टरात पुस्तकाचं नाव, नेणाऱ्याचं नाव अन् सही एवढंच. काही ठिकाणी शेवटच्या पानांवर वनहक्काच्या दाव्याचे नंबर अन् ते दावे तपासणाऱ्या उपविभागीय समितीच्या तारखाही त्याच पेनानं लिहिलेल्या असतात.