मोटर, मॉब, म्युटिनी आणि मूव्हमेंट

आमच्या पलूस-तासगावच्या पट्ट्यात रात्री लाइट आली की मळ्यामळ्यातून एकच आवाज येतो, मोटर चालू कर. त्याआधी विहिरीवर मोट होती, बैल मागंपुढं चालायचे आणि चामड्याची मोट पाणी वर आणायची. मोट आणि मोटर ऐकायला इतकं जवळचं की लहानपणी मला खात्रीच होती, मोटेवरूनच मोटर झालं असणार. तसं नाहीये. मोट आपली जुनी, मोटर लॅटिनमधली आणि अर्थ नुसता 'हलवणारा'.

लॅटिनमध्ये मोव्हेरे म्हणजे हलवणं. हे क्रियापद फ्रेंचमधून इंग्रजीत गेलं आणि चौदाव्या शतकाच्या शेवटापर्यंत मूव्हमेंट हा शब्द तिथं रुळला, तेव्हा अर्थ साधाच, हालचाल. मग फौजेची हालचाल, घड्याळाच्या आतलं यंत्र, सिंफनीचा एक भाग, असं करत तो पसरला. प्रमोशन म्हणजे पुढं सरकवणं, रिमोट म्हणजे लांब सरकवलेला, मोबाइल म्हणजे हलू शकणारा आणि डॉक्टरला आपण 'मोशन होतायत' म्हणून सांगतो तेही याच घरातलं. मोमेंटची गोष्ट मला फार आवडते, तराजूचा काटा हलवायला पुरेल एवढासा कण, त्यावरून वेळेचा एवढासा तुकडा, म्हणजे क्षण.

आणि हे मूळ परकं म्हणायचं तर तेही जमत नाही, कारण संस्कृतातला मीव् धातू, ढकलणं या अर्थाचा, त्याच कुळातला धरतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात यम-यमी संवादात यमी स्वतःला काममूता म्हणते, म्हणजे कामानं हललेली. इंग्रजीतला इमोशन तोच की, आतून हलवणारं. फक्त सोळाव्या शतकात इमोशन म्हणजे आधी लोकांमधली खळबळ होती, मनातली भावना हा अर्थ पुढं पक्का झाला.

खरा इतिहास मला या खळबळीच्या शब्दांतच दिसतो. लॅटिनमध्ये मोबिले वल्गुस म्हणायचे, चंचल सामान्य लोक, सतराव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी त्याला छाटून मॉब केलं. जोनाथन स्विफ्टला असले छाटलेले शब्द अजिबात खपायचे नाहीत, १७१० साली त्यानं मॉबवर जाहीर टीका केली, तरी शब्द राहिलाच. म्युटिनी फ्रेंचमधून आला, उठाव या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आणि त्याच्याही तळाशी मोव्हेरेच. मूव्हमेंटला मात्र लोकांनी मिळून उद्देशानं पुढं जाणं हा अर्थ एकोणिसाव्या शतकात मिळाला. १८५० मध्ये लोरेन्झ फॉन स्टाइन या जर्मन अभ्यासकानं फ्रान्समधल्या सामाजिक चळवळीचा इतिहास लिहिला तेव्हा ही कल्पना पुस्तकाच्या नावावर आली. म्हणजे हलणारी माणसं तीच, पण कुणाच्या तोंडून नाव निघतं त्यावर मॉब, म्युटिनी का मूव्हमेंट ते ठरलं.

हे आपल्याकडं लावून बघा. १८५७ च्या सप्टेंबरात साताऱ्यात गेंडामाळावर सतरा जणांना मारलं, कुणाला फाशी, कुणाला गोळ्या, कुणाला तोफेच्या तोंडी, आणि त्या सगळ्या उठावाला इंग्रजांनी शब्द वापरला म्युटिनी. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, परशुराम घार्गे आणि सोबतचे लोक पडले. पुढं क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार जवळजवळ तीन वर्षं टिकलं, कुंडलपासून सगळा मुलूख त्यात, तेव्हा सांगली वेगळा जिल्हा नव्हता, १९४९ ला दक्षिण सातारा झाला आणि १९६० ला सांगली नाव मिळालं. आपण याला बेचाळीसची चळवळ म्हणतो, शाळेच्या इंग्रजी पुस्तकात क्विट इंडिया मूव्हमेंट असतं. पण सरकारनं १९४३ ला काँग्रेसला जबाबदार धरणारी पुस्तिका छापली तिच्या नावात शब्द आहे डिस्टर्बन्सेस. मूव्हमेंट म्हटलं तर उद्देश मान्य करावा लागतो, म्हणून तो शब्द टाळला असं मला ठामपणे वाटतं, आणि वडूजला पडलेल्या माणसांसाठी मला ते आजही लागतं.

मराठीत चळवळ शब्द लढ्यासाठी आधीच घट्ट बसला होता, १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला, त्यांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण, आणि पुढं सातारा जिल्हा सत्यशोधक चळवळीचा गड झाला. पण हा शब्द घरातून आलेला आहे, चळणं म्हणजे जागेवरनं हलणं. आंदोलन तर मुळात झोका. आमच्याकडं एका जागी न बसणाऱ्या पोराला आजी म्हणायची, लई चळवळ्या हाय, आणि बेचाळीसला भूमिगत झालेल्या शेजारच्या अण्णांबद्दल बोलतानाही तिचा शब्द तोच असायचा, चळवळ्या माणूस.