बंडखोरीविरोधी लष्करी कारवाई व नागरी हानी

सशस्त्र बंडखोरांचा बीमोड करताना राज्याच्या सैन्याकडून लढ्यात नसलेल्यांची जी जीवित व वित्तहानी होते, ती केव्हा क्षम्य मानायची, याचा युद्धनीतिशास्त्रातील विचार. नियमित युद्धात गणवेशावरून सैनिक ओळखू येतो. बंडखोर गणवेश घालत नाही आणि वस्तीतच राहतो. त्यामुळे सैनिक व नागरिक यांत फरक करण्याचे भेदतत्त्व येथे कसाला लागते.

या चर्चेचा पाया म्हणजे द्विपरिणाम तत्त्व. मुळात गैर नसलेल्या कृतीतून एक इष्ट व एक अनिष्ट परिणाम निघणार असेल, तर अनिष्ट परिणाम हा हेतू नसावा, इष्ट परिणामाचे साधन नसावा आणि त्याच्या मानाने फार मोठाही नसावा, असे ते सांगते. तत्त्वाचा उगम सामान्यतः ख्रिस्ती धर्मतत्त्वज्ञ टॉमस अक्वायनस (तेरावे शतक) यांच्याकडे नेतात. तथापि ज्या उताऱ्याचा आधार दिला जातो, तो स्वसंरक्षणार्थ हल्लेखोराला ठार मारणाऱ्या खाजगी व्यक्तीविषयी आहे. युद्धाची चर्चा अक्वायनस स्वतंत्र प्रकरणात करतात व तेथे हा युक्तिवाद येत नाही. युद्धाच्या संदर्भात तो ठळकपणे दिसतो तो स्पेनमधील सालामांका येथील धर्मतत्त्वज्ञ फ्रांथीस्को दे व्हितोरिआ यांच्या व्याख्यानांत (सामान्यतः १५३९). किल्ल्यावर तोफा डागताना आतले निरपराध मरणार हे माहीत असूनही मारा करता येतो. पण लाभ किरकोळ असेल तर नाही, असे ते म्हणतात. आज प्रचलित असलेला चार अटींचा साचा तर एकोणिसाव्या शतकात फ्रेंच धर्मशास्त्रज्ञ झाँ-प्येर ग्युरी यांच्या पाठ्यपुस्तकातून रूढ झाला. जोसेफ मँगन (१९४९) यांनी संपूर्ण परंपरा अक्वायनसपर्यंत अखंड असल्याचे प्रतिपादले. नंतरच्या काही अभ्यासकांनी ती सोळाव्या शतकात घडली असे मानले. उताऱ्याचा विषय पाहता दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते.

अमेरिकी राजकीय तत्त्वज्ञ मायकेल वॉल्झर (१९७७) यांनी या तत्त्वातील उणीव दाखवली. ‘मारण्याचा हेतू नव्हता’ एवढे म्हणणे फार स्वस्त पडते. हानी कमी करण्याचाही हेतू हवा आणि त्यासाठी सैनिकाने स्वतःवर जादा धोका घ्यायला हवा, ही त्यांची पुस्ती. याउलट इस्रायली तत्त्वज्ञ आसा काशेर व सेनाधिकारी आमोस यादलिन (२००५) यांच्या मते, राज्याच्या प्रत्यक्ष नियंत्रणाबाहेरील प्रदेशात आपल्या सैनिकाचा जीव तेथील नागरिकाच्या जीवाहून अग्रक्रमाचा ठरतो. वॉल्झर व अविशाई मार्गालित यांनी २००९ मध्ये त्याचा प्रतिवाद केला. धोका कोणी सोसायचा, हाच या वादाचा खरा गाभा होय. हेतूची चर्चा त्यामानाने दुय्यम.

अफगाणिस्तानातील कुंदूझची घटना (४ सप्टेंबर २००९) या दृष्टीने बोलकी आहे. तालिबानने पळवलेले इंधनाचे दोन टँकर नदीच्या वाळूत रुतले होते. इंधन घ्यायला गावकरी जमले. तेथे सगळे बंडखोरच आहेत, असे खबऱ्याने फोनवरून सांगितले. आधी खालून घिरटी घालून लोकांना पांगवावे, ही वैमानिकांची सूचना तेथील नाटो फौजेतील जर्मन कर्नलने नाकारली व बाँब टाकायला लावले. अनेक नागरिक मेले. नेमका आकडा वादग्रस्त राहिला. जर्मनीने कायदेशीर जबाबदारी न स्वीकारता कुटुंबांना पैसे दिले. चौकशी पुरेशी झाली नाही, ही तक्रार युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०२१ मध्ये फेटाळली.

आंतरराष्ट्रीय कायद्यात हानीच्या प्रमाणाचा नियम (नागरी हानी अपेक्षित लष्करी लाभाच्या मानाने फार जास्त नसावी) १९७७ च्या पहिल्या जिनीव्हा पूरक करारात आहे. अंतर्गत संघर्षांसाठीच्या दुसऱ्या पूरक करारात तो स्पष्ट शब्दांत नाही. रूढ कायदा (राष्ट्रांच्या प्रघाताने बंधनकारक ठरलेला) म्हणून तेथेही लागू मानला जातो. नागरिकाचे संरक्षण तो लढ्यात ‘प्रत्यक्ष भाग घेत असेल तेवढ्याच काळापुरते’ जाते.

प्रमाणाचा हिशेब एकेका हल्ल्यापुरता होतो. त्यामुळे सक्तीचे स्थलांतर त्यात बसत नाही. मलायात (आजच्या मलेशियाचा भाग) १९५० पासून ब्रिटिश सत्तेच्या ब्रिग्ज योजनेखाली सुमारे पाच लाख लोकांना काटेरी कुंपणाच्या ‘नव्या गावांत’ हलवण्यात आले. बंडखोरांची रसद तोडण्यासाठी तेथे अन्नही मोजून दिले जाई. रसद तोडण्याचे साधन येथे लोकांची कोंडी हेच होते. म्हणजे द्विपरिणाम तत्त्वाची साधनविषयक अटच येथे मोडते.