भातातील अ‍ॅलिलोपथी

भाताच्या काही वाणांच्या मुळांतून पाझरणारी रसायने शेजारच्या तणांची उगवण व वाढ रोखतात. एका वनस्पतीने रसायनांवाटे दुसरीवर केलेल्या अशा परिणामाला अ‍ॅलिलोपथी म्हणतात. ही संज्ञा वनस्पतिशास्त्रज्ञ हान्स मोलिश यांनी १९३७ साली रूढ केली.

भातातील या गुणाकडे लक्ष गेले ते अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात. १९८०च्या दशकात रॉबर्ट डिल्डे व त्यांचे सहकारी बियाणे-संग्रहातील वाण शेतात लावून पाहत होते. डकसॅलड नावाच्या पाणतणाने खाचर भरून गेले असताना मोजक्या रोपांभोवती सुमारे १० सेंमी त्रिज्येचे मोकळे रिंगण राहिले होते. पुढे हजारो वाण तपासले, तेव्हा हा गुण थोड्यांतच ठळकपणे आढळला.

पण रिंगण पडले म्हणजे रसायनानेच पडले असे होत नाही. दाट फुटवा, सावली, अन्नद्रव्यांची ओढाताण यांनीही तण मागे पडते. सुरुवातीला संशय होता तो फिनॉलिक आम्ले या वनस्पतिजन्य आम्लांवर. कुजणाऱ्या पेंढ्यातून ती सुटतात हे खरे, मात्र शेतातल्या मातीत त्यांची मात्रा एवढा परिणाम करण्याइतकी भरत नाही. भक्कम पुरावा मिळाला तो मोमिलॅक्टोन नावाच्या रसायनांचा. जपानी संशोधकांनी १९७३ साली ती भाताच्या तुसातून वेगळी केली होती (‘मोमी’ म्हणजे तुसासकट भात). त्यांपैकी मोमिलॅक्टोन-बी हे भाताची मुळे जिवंतपणीच बाहेर सोडतात, हे संशोधक हिसाशी कातो-नोगुची यांनी नंतर दाखवले. तणांना जी मात्रा बाधते, ती भाताच्या रोपाला फारशी बाधत नाही. २०१२ साली हे द्रव्य तयार करणारी जनुके निकामी केलेली रोपे वाढवली, तेव्हा त्यांची तण दाबण्याची ताकद घटली. या विषयातला निर्णायक प्रयोग माझ्या मते हाच.

सावा या भरडधान्याचे जवळचे नातलग असलेले एक रानगवत भाताचे मोठे वैरी आहे. ते शेजारी उगवले की भाताचे रोप मोमिलॅक्टोन-बी अधिक सोडते. विलक्षण गोष्ट अशी, की मोमिलॅक्टोन बनवणाऱ्या जनुकांचा तसाच गट या गवताच्या जनुकसंचातही २०१७ साली सापडला.

दक्षिण चीनमध्ये या गुणासाठी ‘ह्वागान-३’ हे वाण तयार केले गेले. ते लावले तरी खाचरात वेळेवर पाणी बांधणे, रोपे दाट ठेवणे आणि तणनाशकाची थोडी मात्रा यांची जोड लागते. तण पुरते नाहीसे होते अशी अपेक्षा धरू नये. शिवाय हा गुण अनेक जनुकांवर अवलंबून असल्याने चांगल्या उत्पन्नाच्या वाणात तो उतरवणे वेळखाऊ ठरते.

लावणीच्या भाताला तणावर दोन-तीन आठवड्यांची आघाडी असते आणि वर पाणीही उभे असते. मराठवाड्यातील पेरभात किंवा कोकणातील रहू पद्धतीत (मोड आलेले बी थेट खाचरात फेकणे) भात व तण एकाच वेळी वर येतात, आणि बेणणीला माणसे मिळत नाहीत. मुळांवाटे तण दाबणाऱ्या वाणाची खरी गरज तिथे आहे.