कोळी कोणत्या वर्गात? गेमिंग विकींवरच्या वर्गवारीची पार्श्वभूमी

माइनक्राफ्ट या व्हिडिओ गेममधला कोळी अंधारात दिसला की अंगावर धावून येतो. उजेडात मात्र तुम्ही खोडी काढली नाहीत तर तो तुमच्या वाटेला जात नाही. खेळाडूंनीच मिळून लिहिलेल्या माहितीच्या साइटवर, म्हणजे माइनक्राफ्ट विकीवर, जीवांचे ढोबळमानाने तीन वर्ग आहेत: निरुपद्रवी, तटस्थ आणि आक्रमक. मग कोळ्याला बसवायचं कुठे? तटस्थ म्हणावं तर पहिल्याच रात्री नवखा खेळाडू गाफील राहून मरतो, आणि आक्रमक म्हणावं तर जाणकार लगेच दुरुस्तीला धावतात. बाहेरच्याला हे रिकामटेकडे उद्योग वाटतील, पण विकी सांभाळणाऱ्यांचा बराच वेळ असल्या वादांतच जातो.

हा घोळ खेळाडूंनी घातलेला नाही. वर्गवारीचं साधन बनलं ज्ञानकोशासाठी आणि जाऊन पडलं अशा जगात, जिथे दर काही महिन्यांनी अपडेट येऊन वस्तुस्थितीच बदलते.

विकी येण्याआधी हा प्रश्न नव्हताच म्हणा ना. १९९५ मध्ये सुरू झालेल्या गेमफॅक्ससारख्या साइटवर एकेका खेळाची लांबलचक मजकुराची फाइल असे, बहुधा एकाच माणसानं लिहिलेली. वर अनुक्रमणिका आणि प्रत्येक प्रकरणापुढे कंसात चार-पाच अक्षरांची खूण. कंट्रोल-एफ दाबून ती खूण टाकली की थेट त्या प्रकरणावर. तलवारी आधी की राक्षस आधी, हे लेखक ठरवणार. पटलं नाही तर स्वतःची फाइल लिहा.

त्याच वर्षी मार्चमध्ये वॉर्ड कनिंगहॅम यांनी पहिली विकी सुरू केली. तिच्यात वर्गवारीची वेगळी सोय नव्हती. पानाच्या तळाशी ‘कॅटेगरी’नं सुरू होणारा एक जोडशब्द लिहायचा. त्या नावाच्या पानावर जाऊन शीर्षकावर क्लिक केलं की तो शब्द जिथे जिथे आलाय त्या पानांची यादी समोर येई. जुगाडच, पण चालला. विकिपीडियावर सुरुवातीची वर्षं हातानं केलेल्या याद्यांवर भागलं आणि मे २००४ मध्ये ती ज्यावर चालते त्या मीडियाविकी सॉफ्टवेअरमधली खरी वर्गवारी तिथे आली.

मराठी विकिपीडियावर लिहिणाऱ्यांना लेखाच्या शेवटी चौकटी कंसात येणारी ‘वर्ग:’ची ओळ ओळखीची आहे. तीच ही. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी: यादी वर्गाच्या पानावर लिहिलेली नसते. प्रत्येक लेख स्वतःच सांगतो की मी अमुक वर्गात आहे आणि सॉफ्टवेअर त्यावरून यादी बनवतं. त्यामुळे कोणीही नवा वर्ग चुटकीसरशी जन्माला घालू शकतो. त्याचं पान नसलं तरी लाल दुवा दिसतो आणि यादी तयार होते. नाव बदलायचं झालं की मात्र एकेक लेख उघडून ओळ बदलावी लागते, किंवा बॉटला, म्हणजे आपोआप संपादनं करणाऱ्या प्रोग्रॅमला, जुंपावं लागतं. शिवाय एखादा वर्ग स्वतःच्याच नातवाच्या पोटात जाऊन बसला तरी सॉफ्टवेअर हूं की चूं करत नाही.

खेळांच्या विकी नेमक्या याच सुमारास उगवल्या. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा खेळ २३ नोव्हेंबर २००४ ला बाजारात आला, त्याच महिन्यात त्याची वॉववीकी सुरू झाली. विकिपीडियाच्या जिमी वेल्स आणि अँजेला बीस्ली यांची, कोणालाही आपली विकी उघडायला जागा देणारी विकीसिटीजही त्याच वर्षीची. पुढे तिचं नाव विकिया झालं आणि २०१६ मध्ये फॅन्डम. म्हणजे हे साधन अजून ज्ञानकोशातही मुरलं नव्हतं, तेव्हाच ते चाहत्यांच्या हाती पडलं.

काहींनी आपली वाट वेगळी काढली. एल्डर स्क्रोल्स या खेळांच्या मालिकेची यूईएसपी ही साइट १९९५ पासूनची, २००५ मध्ये ती विकी झाली. एकच शहर किंवा एकच देव मालिकेतल्या अनेक खेळांत येतो आणि दर खेळात त्याची माहिती वेगळी. यूईएसपीनं प्रत्येक खेळाला नामविश्वच, म्हणजे पानाच्या नावाआधी लागणारा विभागच, वेगळं दिलं: ‘स्कायरिम:’, ‘ऑब्लिव्हियन:’, ‘मॉरोविंड:’ आणि सगळ्या मालिकेच्या कथाविश्वासाठी ‘लोअर:’. वर्ग त्याखाली. पहिला फाटा खेळाचा, विषय नंतर. मला स्वतःला ही या सगळ्यातली सर्वांत शहाणी मांडणी वाटते, कारण अडकलेल्या खेळाडूचा पहिला प्रश्न ‘मी कोणता खेळ खेळतोय’ यानंच सुरू होतो.

याच्या अगदी उलट टोक म्हणजे बॅजचा काळ. २०१० च्या सुमारास विकियानं संपादकांसाठी बॅज आणि गुणांची सोय आणली. लेख संपादित करा, चित्रं चढवा, गुण घ्या. लेखाला वर्ग जोडण्यासाठीही बॅजची वेगळी माळ होती. त्यातून संपादनाची खिडकी न उघडता, पानाच्या तळाशी दोन-तीन क्लिकमध्ये वर्ग जोडता येत होता. व्हायचं तेच झालं. एकेका पात्राच्या पानाखाली पुरुष, नायक, काळे केस, जिवंत, तलवारधारी अशी वर्गांची रांग लागली. खेळाडूंना गुण दिसले की ते गोळा करणारच, त्यात त्यांचा काय दोष! अनेक विकींनी शेवटी ती सोय बंद करून घेतली, पण कचरा उपसण्याचं काम पुढे कैक महिने पुरलं.

त्यावर रुळलेला उपाय म्हणजे वर्ग माणसानं लिहायचाच नाही. लेखाच्या उजव्या कोपऱ्यातल्या माहितीचौकटीत ‘प्रकार: धनुष्य’ भरलं की चौकटीचा साचाच (अनेक पानांवर वापरायचा तयार नमुना) लेखाला धनुष्यांच्या वर्गात टाकतो. शिस्त आली, पण वर्गाची मुळातली मर्यादा तशीच राहिली. वर्गाला फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच कळतं. विसाव्या लेव्हलला चालणारी, अमुक गावात मिळणारी, आगीचं नुकसान करणारी धनुष्यं दाखव, असं त्याला विचारता येत नाही. मग लोक ‘अमुक गावातली आगीची धनुष्यं’ असे वर्ग काढत बसतात.

ग्रंथालयशास्त्रात ही अडचण फार जुनी. एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये मद्रासहून प्रसिद्ध केलेली द्विबिंदू वर्गीकरण पद्धत याच अडचणीवर बेतलेली होती: विषयाला एका फांदीवर टांगायचं नाही, त्याचे पैलू सुटे करायचे आणि हवे तसे जोडायचे. गेमिंग विकी याच ठिकाणी आल्या त्या सिमँटिक मीडियाविकी (२००५) आणि कार्गो (२०१५) या, मीडियाविकीला जोडायच्या विस्तारांमुळे. त्यांत चौकटीतला प्रत्येक रकाना तक्त्यात साठतो आणि यादी प्रश्न विचारून निघते. ई-स्पोर्ट्सचे संघ, खेळाडू आणि सामने नोंदवणाऱ्या लीगपीडियाचा डोलारा कार्गोवरच उभा राहिला. वर्ग तिथे देखभालीपुरता उरतो: चित्र नसलेली पानं, माहिती अपुरी असलेली पानं, वगैरे.

काळाचा पैलू मात्र सगळ्यांना छळतो. रूनस्केप या ऑनलाइन खेळाच्या कंपनीनं ऑगस्ट २००७ च्या जुन्या प्रतीवरून फेब्रुवारी २०१३ मध्ये ‘ओल्ड स्कूल रूनस्केप’ काढला. एकाच नावाची वस्तू आता दोन चालू खेळांत, दोन्हीकडे वेगळ्या आकड्यांची. एकाच विकीत वर्ग पाडून हे निभलं नसतं. जुन्या खेळासाठी स्वतंत्र विकी झाली आणि २०१८ मध्ये दोन्ही विकी फॅन्डम सोडून बाहेर पडल्या.

सप्टेंबर २०२३ मध्ये माइनक्राफ्ट विकीनंही तेच केलं. मजकूर खुल्या परवान्याचा, त्यामुळे लेख उचलून नेता येतात. आणि वर्गाची ओळ लेखाच्या मजकुरातच असल्यानं वर्गवारीही आपोआप सोबत जाते. जुनी प्रत फॅन्डमवर तशीच राहिली. आज दोन्हीकडे वर्गांची मुळं एकच दिसतात. २०२३ नंतर खेळात आलेल्या जीवांना कुठे बसवायचं, हे मात्र दोन वेगळ्या चावड्यांवर ठरतं.