बोटीचा परवाना थोरल्या मुलाला आपोआप मिळत नाही

कोळीवाड्यांत पिढ्यान्‌पिढ्या एक समज आहे: नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, गेला की बोट आणि मासेमारीचा परवाना दोन्ही थोरल्याचे. हे खरं नाही, आणि या समजापायी विधवा आया-बहिणींचा हक्क बुडतो.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, 1981 प्रमाणे परवाना नोंदणीकृत बोटीच्या मालकाला मिळतो. म्हणजे पहिला प्रश्न परवान्याचा नाहीच, बोट कोणाची झाली हा आहे. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू उत्तराधिकार अधिनियम, 1956 नुसार पत्नी, आई, प्रत्येक मुलगा आणि प्रत्येक मुलगी यांना सारखा वाटा. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेली मुलगीही त्यात आली. वसईच्या ख्रिस्ती कुटुंबांना 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. तिथे पत्नीला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत समान.

थोरल्याच्या नावावर बोट करायला हरकत नाही, पण बाकीच्या वारसांनी राजीखुशीने संमती दिली पाहिजे. कोऱ्या कागदावर आईचा अंगठा घेणं म्हणजे संमती नव्हे.

बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, रंगवलेला नंबर तोच राहतो, म्हणून काही बदललं नाही असं वाटतं. कागदावरचा मालक मात्र हयात नसतो. अपघात झाला की विम्याचा दावा तिथेच अडतो. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट किनाऱ्यावर असते, तेव्हाच मृत्यूचा दाखला आणि वारसांची कागदपत्रं घेऊन मत्स्यव्यवसाय कार्यालयात जा. आईलाही सोबत न्या.